गळा नक्की कोणी आवळलाय?

वाचकाचं पत्र :

"काका, नमस्कार. मी पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे राहतो. जुन्या द्राक्षबागा काढून द्यायचा ठेका घेतो, हाताखाली चार पोरं आहेत. बागांचं काम नसलं की बांधावरची बाभूळ, लिंब, निलगिरी. कधी नाशकात गंगापूर रोडला सोसायट्यांच्या फांद्या. दोन कटर मशीन आहेत, लाकूड कापायची चेनवाली. एक ५८ सीसीचं स्वस्तातलं, त्याला तीन वर्षं झाली. दुसरं नामांकित कंपनीचं ४५ सीसीचं, गेल्या साली घेतलं. या हंगामात दोन्ही दम टाकतात. बाभळीत घातलं की गळपटतात. सातपूरला एक मिस्त्री आहे, आरएक्स बाइकच्या पोर्टिंगमध्ये, म्हणजे इंजिनाची दारं घासून मोठी करण्यात, त्याचं नाव आहे. तो म्हणतो, पोल्युशनच्या नियमांपायी कंपन्या मशीनचा गळा आवळूनच विकतात. सायलेन्सर मोकळा करतो, कार्बोरेटरच्या टोप्या उडवतो, ब्लॉक पोर्ट करतो, दोन्हीचे मिळून साडेसात हजार. मोबाईलवर अमेरिकेतले लोक हेच करताना दिसतात, आणि मशीन खरंच लोण्यातून सुरी जावी तसं चालतं. करून घेऊ का? बायको म्हणते, आधी काकांना विचारा."

उत्तर :

सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. साडेसात हजार त्यांनी तूर्त तरी वाचवले आहेत.

मिस्त्री खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. तो जे सांगतोय ते खरं आहे, फक्त ते तुमच्या मशीनबद्दल नाही, मोबाईलमधल्या मशीनबद्दल आहे. तो फरक आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे.

तुमच्या मिस्त्रीच्याच भाषेत सांगतो. आरएक्स १०० आठवते ना? ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. टू-स्ट्रोक. आपल्या कटर मशीनचं इंजिन त्याच कुळातलं. या कुळाचा एक जन्मजात दोष आहे. जळलेला धूर बाहेर जायचं दार आणि ताजं मिश्रण आत यायचं दार एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे आत आलेलं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. थोडंथोडकं नाही, साध्या बनावटीच्या इंजिनात पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे तुम्ही टाकीत लिटरभर टाकता, त्यातलं पावशेर तरी थेट झाडाला आणि पोरांच्या नाकाला. आरएक्सच्या मागे उभं राहिलं की डोळे का चुरचुरायचे, ते आता कळलं असेल.

हे थांबवायला परदेशात नियम आले. कॅलिफोर्नियात १९९५ पासून, सबंध अमेरिकेत १९९७ पासून, युरोपात २००२ च्या निर्देशानंतर, आणि तिथे २०१९ पासून आणखी कडक. अमेरिकेत हातात धरून चालवायच्या मशीनला आज मर्यादा आहे ती अशी : ५० सीसीच्या आत असेल तर दर किलोवॅट-तासाला न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून ५० ग्रॅम, आणि ५० सीसीच्या वर ७२ ग्रॅम. कॅलिफोर्नियाने तर २०२४ पासून बहुतेक नव्या लहान पेट्रोल इंजिनांना दरवाजाच लावून घेतला.

सुरुवातीला कंपन्यांनी सोपा मार्ग धरला. सायलेन्सरचं तोंड बारीक केलं, काहींत आत धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर कोंबला, मिश्रण पातळ केलं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आणि कार्बोरेटरच्या स्क्रूवर प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या, की गिऱ्हाइकाने पाव-अर्ध्या आट्यापलीकडे फिरवूच नये. त्या काळातली मशीन खरोखर घुसमटलेली होती. तिथली माणसं सायलेन्सर उघडतात, टोप्या उडवतात, आणि मशीन मोकळा श्वास घेतं. मोबाईलवर तुम्ही पाहता ते हे. त्यांच्याकडे असं करणं कायद्याने छेडछाड ठरते, ते व्हिडिओत सांगत नाहीत एवढंच.

पण नंतर बनावट बदलली. आता चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच मशीनमध्ये ताज्या मिश्रणाच्या पुढे आधी नुसती हवा सोडतात. धुराला ढकलून बाहेर काढायचं काम ती हवा करते, दारातून निसटायचं तर तीच निसटते, पेट्रोल मागे राहतं. काहींत तर स्क्रूच नाहीत. छोटा कॉम्प्युटर मिश्रण जुळवतो, कोणी त्याला एम-ट्रॉनिक म्हणतं, कोणी ऑटोट्यून. धूर कमी, पेट्रोल कमी, आणि ताकद होती तेवढीच. अशा मशीनचा गळा कोणी आवळलेला नाही. त्याचे पोर्ट कानशीने वाढवायला गेलं तर हवेचा आणि मिश्रणाचा तो मेळ बिघडतो, हाताला लागतं ते शून्य.

आणि तुमचं स्वस्तातलं ५८ सीसी? त्यात ना हवेची ती करामत, ना कॅटलिटिक. त्याचा गळा आवळायची तसदी कोणी घेतलेलीच नाही. त्याची ताकद कमी वाटते कारण ती मुळात तेवढीच आहे. टाकीवरच्या स्टिकरवर जे आकडे छापलेत ते स्टिकर छापणाऱ्याचे, इंजिनाचे नाहीत. त्यावर २२ इंचांची पट्टी, म्हणजे जिच्यावर चेन फिरते ती, लावून दिली असेल तर ती १८ ची करा. तेवढ्यानेच ते मशीन दुसरंच वाटेल, कारण चेन जितकी लांब तितकं तिला नुसतं ओढण्यात जास्त जातं.

मग ताकद गेली कुठे? पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात : "या हंगामात". दोन वेगळ्या बनावटीची, वेगळ्या वयाची मशीन एकाच हंगामात गळपटतात, तेव्हा मी इंजिन उघडत नाही. दोघांत सामाईक काय आहे ते बघतो. सामाईक आहेत तीन गोष्टी. पेट्रोल, चेनला धार लावणारा हात, आणि द्राक्षबाग.

बागेपासून सुरुवात करू. द्राक्षाचं खोड केवढं? मनगटाएवढं, फार तर मांडीएवढं. डॉगरिजच्या खुंटावर पंधरा-वीस वर्षं उभी राहिलेली बाग असली तरी त्याला ४५ सीसी रग्गड झालं. पण ते खोड कापतात कुठे? जमिनीलगत. तिथे बुंध्याच्या सालीत वर्षानुवर्षांची माती बसलेली असते, ड्रिपची नळी असते, आणि खोडाने गिळून टाकलेली तार असते, जी दिसत नाही. चेन एकदा मातीला लागली की धार गेली. अर्धा सेकंद पुरतो. दर सेकंदाला वीस-बावीस मीटर चेन धावते, तिच्या प्रत्येक दाताने त्या अर्ध्या सेकंदात माती चाटलेली असते. मग पोरगं काय करतं? मशीन दाबतं. इंजिनावर ओझं येतं, आवाज खाली बसतो, आणि सगळे म्हणतात, मशीनने दम टाकला.

खात्री करायची तर जमिनीवर पडलेला भुसा हातात घ्या. ढलप्या पडत असतील, बोटात धरता येतील अशा, तर चेन ठीक आहे. पिठासारखी पूड पडत असेल तर दोष इंजिनाचा नाही. मला तर लांबूनही कळतं. धार असलेलं मशीन आपलं आपण लाकडात उतरतं, माणूस नुसता धरून उभा असतो. माणूस मागचा पाय रोवून, ढोपराने रेटत असेल, तर त्याच्याकडे कानस नाही.

धार लावत नाही असं तुम्ही म्हणणार नाही, सगळेच लावतात. पण कशी? पट्टीवर चेनचा पिच, म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप, लिहिलेला असतो तो वाचा. ०.३२५ इंच असेल तर ४.८ मिलिमीटरची गोल कानस, बारीक तीन-अष्टमांश, म्हणजे लो-प्रोफाइल चेन असेल तर ४ ची, मोठी तीन-अष्टमांश असेल तर ५.२ ची. घरात पडली आहे ती कानस चालवू नका. कोन तीस अंश, आणि दोन्ही बाजूंच्या दातांना मोजून तेवढेच हात. नाहीतर कापताना मशीन एका बाजूला ओढतं, काप वाकडा जातो, आणि आपण पट्टीला शिव्या देतो.

आणि आता ते, जे बहुतेक कोणी करत नाही. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका ठोकळा असतो. दाताने लाकडाचा किती घास घ्यायचा ते तो ठरवतो. दात घासून घासून ठेंगणा होत जातो, ठोकळा मात्र तेवढाच राहतो. मग धार कितीही लावा, दात लाकडापर्यंत पोचतच नाही, वरवर चाटत बसतो. ठोकळा दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. त्यासाठी पत्र्याचा छोटा गेज मिळतो, तो घ्या, चपट्या कानशीने ठोकळा उतरवा. जोशात फार उतरवू नका, नाहीतर दात मोठा घास घ्यायला बघेल आणि मशीन उसळून अंगावर येईल. माझ्याकडे "इंजिन बसलंय" म्हणून आलेली कितीतरी मशीन मी या एका कानशीवर परत पाठवली आहेत. पैसे घ्यायची लाज वाटते, पण घेतो.

बागेसाठी अणकुचीदार चौकोनी दातांची चेन वापरू नका. ती स्वच्छ ओल्या लाकडात झकास, मातीत दोन मिनिटांत मरते. गोलसर कोपऱ्याच्या दाताची घ्या, ती थोडी हळू कापते पण दिवस काढते. दोन-तीन चेन झिजल्या की स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाकही बदला. खाचा पडलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन म्हणजे जुन्या जोड्यात नवे पाय. आणि बुंध्याभोवतीची माती आधी कुदळीने, मग तारेच्या ब्रशने झाडून घ्या. त्याला खोडामागे अर्धं मिनिट जातं. कानशीवर दहा मिनिटं जातात.

आता पेट्रोल. दुसऱ्या मशीनचं गळपटणं मला वाटतं इथून आलंय. पंपावर आता ई-२० मिळतं, शंभरात वीस भाग इथेनॉल. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लहान टू-स्ट्रोकसाठी मर्यादा लिहिलेली असते १० ची. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला पावणेपंधरा भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे कार्बोरेटर पूर्वीच्याच आट्यावर ठेवलात तर मिश्रण आपोआप पातळ होतं. मशीन तापतं, ओझं आलं की मरतं, आणि रिकामं असताना मात्र भन्नाट किंचाळतं. या किंचाळण्याला लोक ताकद समजतात. तसं समजू नका.

शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. कॅनमध्ये महिनाभर पडलेलं मिश्रण असेल आणि त्यात पाणी जास्त शिरलं असेल, तर तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसतो. मशीनची पेट्रोल उचलणारी नळी कुठे असते? तळाशी. त्या थरात ऑइल जवळपास नसतंच. कार्बोरेटरमधला रबरी पडदाही कडक होतो, नळ्या फुगतात. तेव्हा मिश्रण दोन आठवड्यांपुरतंच बनवा, कॅन घट्ट बंद ठेवा, हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. ५८ सीसीचा पडदा आणि पेट्रोलची नळी तीन वर्षांत एकदाही बदलली नसेल, तर आता बदला. किट स्वस्त असतं.

ऑइलचं माप टोपणाने घेऊ नका, पोरांना तर मुळीच घेऊ देऊ नका. पुस्तिकेत पन्नासाला एक असेल तर लिटरला २० मिलिलिटर, पंचविसाला एक असेल तर ४०. दवाखान्यातल्या औषधाची सिरिंज उत्तम. काही जण पुण्य म्हणून जास्त ऑइल घालतात. ऑइल जास्त झालं की पेट्रोल तेवढं कमी झालं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ, शिवाय सायलेन्सरच्या जाळीत काजळी.

त्या जाळीवर थांबू. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ठिणगी अडवायला. ती काजळीने बुजली की मशीन अगदी असंच गळपटतं : चालू होतं, रेस घेतं, लाकडात गेलं की बसतं. तुमच्या दोन्ही मशीनची जाळी काढून उजेडात धरा. पलीकडचं दिसत नसेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. मिस्त्री जाळी फेकूनच देईल, "मोकळा" करण्याचा पहिला टप्पा तोच असतो. आपल्याकडे मार्च ते मे त्र्यंबकच्या, अंजनेरीच्या डोंगरांवर वणवे पेटतात ते पाहिलंय ना? वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते. राखीव जंगलात आग लागली तर १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ समोर येतं, आणि तिथे मशीनची ताकद किती वाढली होती हे कोणी विचारत नाही.

नाशिकचं स्वतःचंही थोडं मागणं आहे. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. किनाऱ्यापेक्षा इथे हवा साधारण सहा-सात टक्क्यांनी विरळ, आणि कार्बोरेटरच्या कुठल्याही इंजिनाची ताकद साधारण तेवढीच कमी. ती ना मिस्त्री देऊ शकतो, ना मी.

आता माझीच एक गोष्ट. २०११ च्या उन्हाळ्यात मलाही सायलेन्सरची खाज आली होती. हातातलं मशीन चांगलं होतं, पण एका माणसाचं उघडलेलं मशीन चिंचेच्या ओंडक्यात जाताना पाहिलं आणि राहवेना. ड्रिलने दहा-दहा मिलिमीटरची दोन भोकं मारली. कार्बोरेटरला हात लावला नाही, वाटलं, हवा बाहेरच तर सोडतोय. गिरणाऱ्याजवळ एक वाळलेली चिंच पाडायची होती. पहिली चाळीस मिनिटं काय सांगू, मी स्वतःवर खूश होतो. मग आवाज हळूहळू वर चढायला लागला, रेस न वाढवता. मला तो गोड वाटला. अचानक एक किंकाळी, आणि शांतता. दोरी ओढली तर ती हलेना. संध्याकाळी सिलेंडर उघडला, तेव्हा पिस्टनच्या धुराच्या बाजूला ॲल्युमिनियम लोण्यासारखं पसरलेलं होतं, रिंग त्यात रुतलेली. सायलेन्सर उघडला की इंजिन हवा जास्त ओढतं. त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल वाढवलं नाही तर ते स्वतःला भाजून घेतं. पिस्टन-सिलेंडर नवे घातले, आणि ते पैसे कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगता आले नाहीत.

तो चढता आवाज तुम्हाला ओळखता यायला हवा. चालू मशीन लाकडाबाहेर पूर्ण रेसवर धरा. निरोगी मशीनचा आवाज थोडा फाटका, बुडबुडल्यासारखा येतो, जणू घशात पाणी आहे. तसंच लाकडात उतरवा. ओझं आलं की बुडबुड जाऊन आवाज स्वच्छ व्हायला हवा. लाकडाबाहेरसुद्धा आवाज स्वच्छ, बारीक, किंचाळता येत असेल तर मिश्रण पातळ आहे, एच लिहिलेला स्क्रू थोडा बाहेर काढा. तुमच्या ४५ सीसीला टोप्या असतील तर तेवढा आटा मिळणार नाही. इथे मी मिस्त्रीच्या बाजूचा आहे. ई-२० मुळे टोपीच्या मर्यादेत काम भागत नसेल, तर आट्याची मर्यादा वाढवावीच लागेल. पण मशीन गेल्याच सालचं आहे, वॉरंटीत असू शकतं, तेव्हा ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून, टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) लावून, पुस्तिकेतल्या आरपीएमवर जुळवून घ्या. कानावर जुळवणारा माणूस चांगला असेल, पण त्याचा कान आरएक्सवर तयार झालाय. दोन्ही इंजिनांच्या आरपीएमच्या गोंधळात आपलं मशीन अर्ध्या तासात पिस्टन खातं.

राहिलं पोर्टिंग. ब्लॉकमधली दारं वर सरकवली, रुंद केली की इंजिन वरच्या रेसवर जास्त ताकद देतं, आणि खालच्या रेसवर ती गमावतं. पोर्ट केलेली आरएक्स रस्त्यावर कशी चालते, तुम्हाला ठाऊक आहे. खाली मेलेली, वर गेली की सुटते. रॅलीत ते चालतं, कारण तिथे रेस खाली उतरतच नाही. बाभळीत रेस उतरते, लिंबाच्या फांदीच्या गाठीत उतरते. तुम्हाला हवाय तो खालचा जोर, आणि मिस्त्री नेमका तोच घालवायला बसलाय. काही जण बुडाचं गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवतात. पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यात अर्धा मिलिमीटर तरी फट राहायला हवी, ती सोल्डरची तार दाबून मोजतात. मिस्त्रीला विचारा, कशाने मोजतोस? उत्तर "अंदाज" असेल तर मशीन उचलून घरी आणा.

सायलेन्सर उघडायचाच असं ठरवलंत, तर फक्त जुन्या मशीनवर, तुमच्या जोखमीवर. भोक धुराच्या दाराच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा मोठं नको, जाळी पुन्हा बसलीच पाहिजे, तोंड हाताकडे, टाकीकडे किंवा प्लास्टिककडे नको, आणि एच स्क्रू त्याच दिवशी, त्याच तासाला जुळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांसाठी आहे. कटर मशीन काही गाडी नाही, त्याला पीयूसीही लागत नाही. म्हणून तुम्हाला कोणी रस्त्यात अडवणार नाही.

पण आवाजाचं काय कराल? मशीन तसंच १०० ते ११० डेसिबलला असतं. ८५ डेसिबल आठ तास कानाला सोसतात असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. हिशेब करा, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. सायलेन्सर उघडला की आणखी तीन-चार वाढले, म्हणजे आठ मिनिटांच्या आत. तुमची पोरं दिवसभर कानात काय घालतात? गाण्याचे हेडफोन म्हणाल तर मी पत्र फाडेन. इअरमफ घ्या, सहा मिळतात तेवढ्या पैशात ज्यात मिस्त्री एक सायलेन्सर उघडतो.

आणि धूर. मांडवाखाली, वारा नसताना, वाकून कापणाऱ्या पोराच्या तोंडासमोर तो निम्मा-पाऊण जळालेला धूर असतो. संध्याकाळी डोकं धरलं म्हणतात ना, ते ऊन नसतं. कार्बन मोनॉक्साइड असतो.

गंगापूर रोडच्या कामांबद्दल वेगळं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात केवढा विरोध झाला ते तुम्ही पाहिलंच. सध्या नाशकात मशीनचा आवाज आला की लोक आधी मोबाईल काढतात, मग विचारतात. शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी, गावात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. सोसायटीचा सेक्रेटरी "मी बघतो" म्हणाला तर तो नुसता बघेल. कागदाची प्रत तुमच्या खिशात हवी. अशा कामाला पुढेमागे बॅटरीचं एक लहान मशीन घ्या, फांद्यांना पुरतं, आवाज निम्म्याहून कमी, आणि दुपारी झोपलेली म्हातारी माणसं शिव्या देत नाहीत.

तर या रविवारी असं करा. दोन्ही मशीनची चेन उतरवून नवी लावा, एक बाभळीचा तुकडा घ्या, कापून बघा. नुसत्या नव्या चेनने बहुतेक तक्रार संपेल. मग जाळी, फिल्टर, प्लग. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असेल तर उत्तम, पांढरं असेल तर मिश्रण पातळ, काळं तेलकट असेल तर जाड. शेवटी सायलेन्सरचे बोल्ट काढून दारातून टॉर्चने आत बघा आणि दोरी हळू ओढत पिस्टन समोर आणा. त्याच्या अंगावर आडव्या बारीक रेघा दिसायला हव्यात, कारखान्यातल्या. उभ्या रेघा दिसल्या, तर नव्या मशीनवर वॉरंटीचा कागद शोधा आणि त्यावर कोणाला स्क्रू फिरवू देऊ नका. जुन्यावर दिसल्या, तर त्याचा फोटो मला पाठवा, मिस्त्रीला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी.